थोडी सूज आहे

“सिरोसिस किती वर्षांपासून आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कुणाला?” मी म्हणालो.

खाटेवर मी एकटाच पडलो होतो, तेव्हा माझा प्रश्न तसा खुळ्यासारखाच होता. पण मला खरंच वाटलं की बाईंची गल्लत होतेय, शेजारच्या पेशंटचं काहीतरी माझ्या नावावर खपवलं जातंय. मी मान वळवून शालनकडे, माझ्या बायकोकडे बघितलं. ती पदराचं टोक तोंडात धरून फरशीकडे बघत होती. तिच्या पलीकडे शशा उभा होता. शशा म्हणजे डॉक्टर शशिकांत खाडे, विट्यातला नावाजलेला फिजिशियन आणि पहिलीच्या वर्गापासूनचा माझा दोस्त. त्यानं खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

“मी सांगतो, मॅडम,” तो म्हणाला. “जरा बाहेर येता का?”

“बाहेर कशाला, सर? पेशंट शुद्धीवर आहेत. इथंच सांगा.”

शशा गप्प राहिला. शालननं तोंडातला पदर काढला नाही. पोटातल्या कळांनी माझा जीव अर्धा झाला होता, पण त्या दोघांचं ते गप्प बसणं कळांपेक्षा जास्त लागलं. खोलीत माझ्याबद्दलच काहीतरी ठाऊक असलेली दोन माणसं होती, आणि ते ठाऊक नसलेला मी एकटाच होतो.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा विट्याच्या हायस्कुलात खेळाचा मास्तर होतो आणि जिल्ह्यात कबड्डीचा पंच म्हणून माझं बऱ्यापैकी नाव होतं. भगवान मुळीक शिट्टी घेऊन मैदानात उतरला की भले भले संघ आवाज खाली करायचे. त्या दिवशी सकाळी शाळेच्या सामन्यात मी पळत रेषेपर्यंत गेलो आणि तिथंच खाली बसलो. बेंबीपाशी माझ्या दोन वर्षांपासून लिंबाएवढा फुगा होता. खोकलो की बाहेर यायचा, दाबला की आत जायचा. त्या दिवशी तो आत जाईना. दगडासारखा टणक झाला, वरची कातडी जांभळी पडली आणि मला उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या. कुणीतरी शशाला फोन केला. त्यानं दवाखान्यातले पेशंट तसेच बसवून ठेवले, शालनला घरून घेतलं, मला स्वतःच्या गाडीत घातलं आणि दुपारच्या आत मिरजेच्या या हॉस्पिटलात आणून सोडलं. वाटेत तो मला सारखं बजावत होता, “घाबरू नको भगवान, मी हाय.” आणि तो आहे म्हटल्यावर मी कशाला घाबरतोय?

सर्जन होत्या डॉक्टर नसीम मुजावर. तिशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी माझं पोट दाबून बघितलं, कुशीवर वळवून बघितलं, खालच्या पापण्या ओढून डोळे बघितले आणि मग तो प्रश्न विचारला.

“शालन,” मी म्हणालो, “काय हाय मला?”

“अवो, काय बी नाही…”

“शालन!”

माझा मैदानावरचा आवाज निघाला. पलीकडच्या खाटेवरचा माणूसही उठून बसला. शालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“लिव्हर,” ती म्हणाली. “लिव्हर आकसलंय तुमचं. दोन वर्सं झाली. शशीभाऊजींनी सोनोग्राफी केली ना तवा कळलं.”

ती सोनोग्राफी मला चांगली आठवत होती. पाय सुजायला लागले, पोट जड वाटायला लागलं म्हणून मी शशाच्या दवाखान्यात गेलो होतो. त्यानं माझ्या पोटाला गार चिकट औषध लावलं, यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बघत म्हणाला होता, “थोडी सूज आहे. दुसरं काही नाही.” बरोबर बीपीही निघालंय म्हणून दोन गोळ्या लिहून दिल्या आणि मीठ बंद कर म्हणाला. त्यातली एक लघवीला लावणारी होती. मी म्हणालो, बीपीला असली गोळी कशाला? तर म्हणाला, “डॉक्टर कोण, तू का मी?” आम्ही दोघंही हसलो होतो.

तेव्हापासून घरात अळणी. अळणी आमटी, अळणी भाकरी, अळणी पिठलं. मी रोज कुरकुर करायचो आणि शालन काही न बोलता वाढायची. माझी जीभ काय ऐकतेय? शाळेसमोरच्या गाड्यावर मी भजी खायचो, वर मीठ भुरभुरून मिरच्या खायचो, आणि घरी येऊन शालनच्या आमटीला नावं ठेवायचो. बीपी काय, अर्ध्या गावाला असतं. थोडं मीठ खाल्लं तर कुठं आभाळ कोसळतंय?

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“शशीभाऊजी म्हणाले, कळलं की हाय खाईल तो. तुमच्या अण्णांनी खाल्ली तशी.”

माझ्या वडिलांना गळ्याचा कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. अण्णा घरी आले, भिंतीकडे तोंड करून झोपले आणि परत कधी आमच्याकडे वळलेच नाहीत. महिन्याभरात गेले. तेव्हापासून आमच्या घरात आजाऱ्याला काही सांगायचं नाही अशी रीतच पडली होती. आई गेली तेव्हा तिच्यापासून मीही लपवलं होतं. म्हणून शालनवर चिडावं तर तेही पुरतं जमेना. पण मी अण्णा नव्हतो. माझी बायको मला इतकं ओळखत असेल असं मला वाटलं होतं, आणि ते खोटं निघालं, याचं मला वाईट वाटलं.

मुजावरबाई हे सगळं ऐकत होत्या. मधेच त्यांनी नर्सला कसलीशी सुई भरायला सांगितली. मग स्टूल ओढून माझ्या खाटेजवळ बसल्या.

“मुळीक सर, मी सगळं तुम्हाला सांगू का यांना?”

“मला,” मी म्हणालो. “आणि सगळं.”

“तुमचं आतडं त्या फुग्यात अडकलंय. त्याचा रक्तपुरवठा बंद झालाय. ते मरायच्या आत, किंवा मेलं असेल तर फुटायच्या आत, ऑपरेशन करावं लागेल. दुसऱ्या कुणाला हे झालं असतं तर मी फार विचार केला नसता. पण तुमचं लिव्हर खराब आहे. अशा माणसाचं रक्त लवकर गोठत नाही. भूल उतरत नाही. टाके घातले तरी पोटातलं पाणी जखमेतून झिरपत राहतं. कधी किडनी बसते, कधी माणूस शुद्धीवरच येत नाही.”

“मग अंदाज काय?”

“कावीळ किती आहे, रक्त गोठायला किती वेळ लागतोय, किडनी कशी चाललीय, पोटात पाणी किती, डोकं कितपत साफ आहे, यावरून आम्ही हिशेब मांडतो. खात्री कुणालाच देता येत नाही. पण तुमच्यासारखे दहाजण मी आज टेबलावर घेतले, तर त्यातले चारजण घरी जाणार नाहीत.”

“आणि घेतलंच नाही तर?”

“दहाही जाणार नाहीत.”

शालननं भिंतीला हात टेकला. मला मात्र, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी सरळ बोलत होतं. पंचाला असंच बोलणं समजतं. मग माझ्या डोक्यात एक आलं.

“मॅडम, हा फुगा मी दोन वर्षांपूर्वीच काढून घेतो म्हणत होतो. तेव्हा काढला असता तर?”

त्यांनी उत्तर द्यायच्या आधी शशाकडे बघितलं.

“आधी पोटातलं पाणी आटोक्यात आणून, ठरवून केलं असतं तर दहात एखाद्यालाच धोका. कदाचित तेवढाही नाही.”

मी शशाला तेव्हा तीन-चारदा तरी म्हणालो असेन, हे लोंबतं गाठोडं एकदा शिवून टाकू या म्हणून. दर वेळी तो म्हणायचा, ऑपरेशनचं खूळ डोक्यातून काढ, पट्टा बांध. चामड्याचा रुंद पट्टा त्यानंच सांगलीहून आणून दिला होता, पैसेही घेतले नव्हते. मी तो बांधून भर उन्हात सामने खेळवत होतो.

“का रं शशा?” मी विचारलं. “पट्टा का बांधायला लावलास?”

“सर्जनकडं नेलं असतं तर सगळं कळलं असतं तुला,” तो खाली बघत म्हणाला. “तुझ्या काळजीपोटीच केलं, भगवान.”

काळजीपोटी. मी डोळे मिटून घेतले. राग येत होता, पण त्या रागातही मनाला एक आधार होता. चुकला, पण माझ्यासाठी चुकला, असं मी स्वतःला समजावत होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची दोस्ती एका दुपारी टाकून द्यायला मन तयार होत नव्हतं.

तेवढ्यात नर्स रक्ताच्या तपासण्यांचे निकाल घेऊन आली. बाईंनी ते चाळले.

“हिपॅटायटिस सी आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे लिव्हर याच्यामुळेच गेलंय. ही कावीळ रक्तातून येते. आत गेली की वीस-पंचवीस वर्षं गुपचूप पोखरत राहते. सर, तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?”

यावर आम्ही नवराबायको एकदमच बोलायला लागलो. सगळं विसरून शालनच्या तोंडावर हसू आलं. कारण ही गोष्ट आमच्या घरातली, आमच्या गावातली सगळ्यात लाडकी गोष्ट होती.

“ह्या भाऊजींनीच दिलंय की रक्त!” शालन म्हणाली. “आमचं लग्नबी झालं नव्हतं तवा.”

मी आणि शशा एकाच संघातून खेळायचो. मी चढाईला, तो डाव्या कोपऱ्यात. तो तेव्हा मिरजेत डॉक्टरकी शिकत होता, पण सामना असला की पुस्तकं टाकून यायचा. इस्लामपूरच्या एका सामन्यात माझी पकड झाली, अंगावर सहाजण पडले आणि मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. मिरजेला आणेपर्यंत माझं निम्मं रक्त वाटेत सांडलं होतं. शशाचा आणि माझा गट एक निघाला. त्यानं एक बाटली दिली आणि दुसरीसाठी परत बाही सरसावली, तेव्हा नर्सनं त्याला अक्षरशः हाकलून दिलं. मी वाचलो. पुढे खेळू शकलो नाही, पंच झालो. पण खाड्यानं रक्त देऊन मुळकाला जगवला ही गोष्ट मैदानामैदानांवर गेली. आमचा दोघांचा कुठंही सत्कार असला की बोलणारा ती सांगायचाच. सांगता सांगता एका बाटलीच्या चार बाटल्या झाल्या होत्या. मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. शशाच्या दवाखान्यात आमच्या संघाचा फोटो होता आणि येणारा प्रत्येक पेशंट तो बघून ही गोष्ट विचारायचा.

“ह्याचंच रक्त हाय माझ्या अंगात,” मी बाईंना म्हणालो. इतकं होऊनसुद्धा माझ्या आवाजात अभिमान होता, हे मला आज आठवतं.

मुजावरबाई हसल्या नाहीत. त्या शशाकडे वळल्या.

“सर, मग तुम्ही तुमची तपासणी केली असेल ना?”

“माझी?” शशा म्हणाला. “त्याचा आत्ता काय संबंध?”

आणि त्यानं शर्टाची खालची कड धरून खाली ओढली, सारखी केली.

मला ते कसं सांगावं? कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात बचावातल्या गड्याला निसटता लागतो. इतका निसटता, की प्रेक्षकांना दिसत नाही, कधी पंचालाही दिसत नाही. ज्याला लागलेला असतो त्याला मात्र कळतंच. खानदानी गडी असेल तर तो आपणहून हात वर करतो आणि मैदानाबाहेर जातो. नसेल तर काय करतो? चढाई करणाऱ्याकडे बघत नाही, पंचाकडेही बघत नाही. बनियनची कड धरून खाली ओढतो. अशांना मी आयुष्यभर नुसत्या त्या एका हालचालीवरून बाद दिलंय आणि एकदाही चुकलो नाही. आमच्या संघात हात वर करायची शिस्त सगळ्यांत कडक पाळणारा कोण होता म्हणाल, तर शशाच होता.

मी त्याच्या शर्टाच्या कडेकडे बघत राहिलो.

“मॅडम,” तो प्रश्न तिथंच टाकून शशा घाईनं म्हणाला, “मला वाटतं आपण ह्याला पुण्याला हलवू या. तिथं माझे ओळखीचे लिव्हरचे मोठे डॉक्टर आहेत. अँब्युलन्स सांगतो मी.”

“सर, तीन-चार तास जातील! मघाशी तुम्हीच म्हणालात, इथंच लगेच करू. तेवढ्यात आतडं फुटलं तर मी सांगितलेला अंदाज धरू नका.”

“तरी मी जबाबदारी घेतो. वहिनी, तुमचं काय म्हणणं? पुण्याला नेऊ या ना?”

शालननं मान हलवली. दोन वर्षं ती याच्याच सांगण्यावर चालली होती, तिचा काय दोष?

“मी कुठं जाणार नाही,” मी म्हणालो. “मॅडम, इथंच करा. तुम्हीच करा.”

आणि मग माझ्या मित्रानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो बाईंच्या जवळ सरकला आणि आवाज खाली करून, पण मला ऐकू येईल असा म्हणाला, “त्याचं बोलणं मनावर घेऊ नका. डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या. अशा पेशंटचं होतं ना तसं. सकाळपासून असंबद्ध बोलतोय. निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागेल.”

मी सकाळपासून एक शब्दही असंबद्ध बोललो नव्हतो. गाडीत उलट्या आवरत मी त्याला हायवेचा कुठला तुकडा उखडलाय ते सांगत होतो.

“शशा!” मी ओरडलो. आणि जास्त ओरडलो तर हा म्हणणार, बघा, डोकं फिरलंय. त्यानं मला बरोबर पकडीत घेतलं होतं. माझ्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द आता त्याच्या बाजूनं पडणार होता.

मुजावरबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्या उठल्या आणि माझ्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या.

“खाडे सर म्हणतात ते होऊ शकतं,” त्या म्हणाल्या. “लिव्हर नीट चालत नसेल तर घाण मेंदूपर्यंत जाते. तसं असेल तर मला तुमचा शब्द धरता येणार नाही. म्हणून मी तपासते. मुळीक सर, दोन्ही हात समोर करा. कोपर ताठ. पंजे मागे वाकवा, बोटं फाकवा. कुणाला थांबवताना करतो तसे. आणि मी सांगेपर्यंत तसेच धरा.”

“हे कशासाठी?” शालननं विचारलं.

“डोक्यावर परिणाम झाला असेल तर हात स्थिर राहत नाहीत. पंखासारखे फडफडतात.”

मी हात समोर केले. एका हाताला सलाईन होतं, पोटात कुणीतरी पक्कड घालून पिळत होतं, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. दोन्ही पंजे मागे वाकवले. हा तर माझ्या रोजच्या सवयीचा हात. डाव थांबवायचा असला की पंच असाच हात धरतो, आणि मैदानावरचे चौदा गडी असतील तिथं उभे राहतात. कित्येक वर्षं हाच हात करून मी दुसऱ्यांचे निर्णय दिले होते. आज माझा स्वतःचा निर्णय माझा राहणार की नाही, ते यावर ठरणार होतं. पुसायला हात खाली घेता येत नव्हता, म्हणून घामानं डोळे चुरचुरले तरी मी उघडेच ठेवले आणि पंज्यांमधून सरळ शशाकडे बघितलं.

तो माझ्या हातांकडे बघत होता. ते हलावेत असं त्याला मनातून वाटत होतं, हे मला दिसलं.

हात हलले नाहीत.

बाईंनी मला वार विचारला, गावाचं नाव विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. खेळाचा मास्तर असलो तरी तेवढी वजाबाकी मला येते. मग त्या म्हणाल्या, “डोकं अगदी साफ आहे. काय करायचं, ते आता तुम्ही सांगा.”

“ऑपरेशन करा. चारांत गेलो तर गेलो. एकच सांगणं आहे, हे डॉक्टर आत येणार नाहीत.”

“अवो, भाऊजी आत नकोत?” शालन घाबरून म्हणाली. “ते डोक्याशी असल्यावर…”

“तो डोक्याशी असल्यावर मला भूलच चढणार नाही, शालन.”

ढकलगाडी दाराबाहेर नेताना शशा भिंतीला चिकटून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पण खरं सांगतो, त्या गाडीवर आडवा पडून छताकडे बघत जाताना मला मरणाची भीती वाटत नव्हती. मला एकटं वाटत होतं. मागच्या वेळी याच गावात, असंच मला आत नेलं होतं, तेव्हा हा माझा हात धरून पळत होता.

वीतभर आतडं काढावं लागलं. नंतरचे आठ-पंधरा दिवस माझे मला नीटसे आठवत नाहीत. जखमेतून पाणी झिरपत होतं, एकदा रक्ताच्या उलट्या झाल्या, काही दिवस मी शालनला आई म्हणत होतो. तेव्हा मात्र हात खरोखर फडफडत होते, असं बाईंनी नंतर सांगितलं. पण मी सहांत निघालो. पुढे दोन-तीन वर्षांनी या काविळीवर गोळ्या निघाल्या, बाईंनीच त्या सुरू केल्या आणि रोग गेला. लिव्हर जेवढं उरलंय तेवढ्यावर माझं चाललंय.

शशा आला तो मला साध्या वॉर्डात आणल्यावर. संध्याकाळची वेळ होती. शालन माझ्यासाठी वाटीत पेज गार करत बसली होती. तो खुर्ची ओढून बसला. चेहरा उतरला होता. बराच वेळ तो माझ्या तब्येतीचं डॉक्टरी भाषेत बोलत राहिला. मी बोलू दिलं.

“तुला कधी कळलं होतं?” मी मधेच विचारलं.

त्यानं काय म्हणून विचारलं नाही. शालनकडे एकदा बघितलं.

“रक्तदानाच्या शिबिरात,” तो म्हणाला. “तू उद्घाटनाचा नारळ फोडलास, त्या. मीही रक्त दिलं होतं. नंतर रक्तपेढीनं कळवलं, तुमच्या रक्तात सी आहे म्हणून.”

म्हणजे माझी सोनोग्राफी व्हायच्या आधी चांगली तीन वर्षं. त्या वर्षी शशा एकदम वाळला होता, केस गळले होते, संध्याकाळचा ताप यायचा. थायरॉईड झालाय म्हणाला होता. शेळीचं दूध चांगलं म्हणून कुणीतरी सांगितलं, तर मी वर्षभर रोज सकाळी स्कूटर काढून धनगरवस्तीवरून दूध आणून त्याच्या दारात देत होतो. थंडीचे, पावसाचे दिवसही चुकवले नव्हते.

“तो थायरॉईड नव्हता,” मी म्हणालो.

“इंजेक्शनं घेत होतो. पुण्याला जाऊन. वर्षभर. माझं सी गेलं.”

“त्या वर्षी मला सांगितलं असतंस तर?”

“तुझी तपासणी झाली असती,” तो म्हणाला. “तुझं लिव्हर तेव्हा बरं असणार. तुलाही इंजेक्शनं देता आली असती. पोटात पाणी झाल्यावर ती देता येत नाहीत.”

शालनच्या हातातला चमचा वाटीत पडला. तिला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. ती शशाकडे नुसती बघत राहिली.

“मी आणलेलं दूध पीत होतास तू, शशा,” मी म्हणालो. “रोज सकाळी दार उघडून भांडं घेत होतास माझ्या हातातनं.”

“रोज वाटायचं, सांगावं. शप्पथ.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “पण अख्खा गाव मला कशासाठी ओळखतोय, भगवान? माझ्या डिगरीसाठी? रक्त देऊन दोस्ताला जगवला म्हणूनच ना? तेच रक्त… ते माझ्याच्यानं मोडवलं नाही रे.”

“रक्त दिलंस त्याचं मला काही नाही,” मी म्हणालो. “तुला तेव्हा काय ठाऊक? डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ते दिलं नसतंस तर मी तेव्हाच गेलो असतो. पण हात लागला होता, शशा. हात वर करायचा होतास.”

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा रिक्षांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता तो रडेल, पाया पडेल, काहीतरी म्हणेल. एक शब्द जरी म्हणाला असता तर मी विरघळलो असतो, इतका मी अजून त्याचा होतो. त्यानं वर बघितलं. शर्टाची कड त्याच्या बोटांत होती.

“हे तू… गावात सांगणार आहेस?”

कसा आहेस नाही, माफ कर नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं. त्यासाठीच तो विट्याहून मिरजेला आला होता.

“विचारलं कुणी तर सांगीन की,” मी म्हणालो. “थोडी सूज होती. दुसरं काही नाही.”

शशा उठला. दाराशी क्षणभर घुटमळला आणि गेला. परत कधी माझ्या उंबऱ्यात त्याचं पाऊल पडलं नाही, मीही त्याच्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. सत्कारांत अजूनही बोलणारे ती चार बाटल्यांची गोष्ट सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

शालननं डोळे पुसले आणि वाटी माझ्यापुढे केली. पेज नेहमीसारखीच अळणी होती. का अळणी आहे, ते आता मला ठाऊक होतं. मी काही न बोलता सगळी संपवली.